गाडी लो केलीत, आता टायर केवढा?

सिग्नलला शेजारी एखादी जमिनीला चिकटलेली हॅचबॅक येऊन उभी राहिली की माझी मान अजूनही आपोआप वळते. मडगार्ड आणि टायर यांच्यात जेमतेम बोटभर फट, आत चमकणारे अलॉय, आणि मागून पाहिलं तर टायर एवढे रुंद की वाटावं, ही गाडी नाही, तालमीतला पैलवान आहे! मग दिवा हिरवा होतो, पुढे स्पीडब्रेकर येतो, आणि आपला पैलवान तिरका होऊन मुंगीच्या पावलांनी तो ओलांडायला लागतो. मागचे सगळे हॉर्न बडवतात. मी नाही बडवत. कारण बॉस, मी पण त्यातून गेलोय.

परवा ऑफिसमधला एक ज्युनिअर माझ्या डेस्कपाशी आला. नवी नोकरी, सेकंडहँड गाडी, पहिला बोनस. लक्षणं सगळी ओळखीची! म्हणाला, ''सर, गाडी खाली घेतलीये, मस्त दिसतेय. आता टायर बारीक वाटतात. दोनशे पंधराचे टाकू का?'' त्याला म्हटलं, ''बस, चहा सांग. आधी एक गोष्ट ऐक.''

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

सन २०१७. मी सत्तावीसचा, हिंजवडीत नोकरी, आणि माझ्याकडे एका कलीगकडून घेतलेली २०१४ ची स्विफ्ट, वरचं मॉडेल. कंपनीने दिलेला टायर होता १८५/६५ आर १५. म्हणजे चांगला, शहाणा, मध्यमवर्गीय टायर. पण पार्किंगमध्ये आमच्या पक्याची गाडी होती ना! लो केलेली, काळे अलॉय, रुंद टायर. तिच्या शेजारी माझी स्विफ्ट म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगला शाळेचा युनिफॉर्म घालून आल्यासारखी. दोन महिन्यांत मी लोअरिंग स्प्रिंगा बसवल्या, गाडी ३५ मिलिमीटर खाली आली. आणि त्यावर टाकले २१५/४५ आर १६. दुकानदाराने एकदाच विचारलं होतं, ''साहेब, एवढा लागेल का?'' मी म्हटलं, ''तुम्ही टाका हो, दिसायला पाहिजे.'' आता टाका म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणतोय!

दिसायला जबरदस्त होती. पंधरा दिवस मी गाडी लॉक करून निघालो की दहा पावलांवर मागे वळून बघायचो. एकटा असेन तर आवाजही नव्हता. कधीतरी खड्ड्यात मागून ''खर्र'' व्हायचं. मी गाण्याचा आवाज वाढवायचो.

मग ऑगस्ट आला. साताऱ्याला मामेबहिणीचा साखरपुडा. गाडीत मी, पुढे आई, मागे बाबा आणि आत्या. डिकीत आहेराच्या साड्या, मिठाईचे खोके आणि आत्याची ती प्रसिद्ध बॅग, जिच्यात काय असतं ते कुणालाच माहीत नाही. कात्रज सोडलं आणि पाऊस सुरू झाला. आवाजही सुरू झाला. प्रत्येक खाचेला खर्र, प्रत्येक वळणाला खर्रर्र. आई म्हणाली, ''काय वाजतंय रे?'' मी म्हटलं, ''चिखल उडतोय.''

बाबा काही बोलले नाहीत. आमचे बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. खिडकीला कान लावून बसले होते. शिरवळला म्हणाले, ''चहाला थांबव.''

मला वाटलं, खरंच चहा. ते उतरले, सरळ मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि मडगार्डच्या आत हात घातला. मग मला बोलावलं. ''हात लाव इथं.'' टायरचा बाहेरचा खांदा म्हणजे जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते ती कड. तिथे रबर गोल तासून निघालं होतं. एके ठिकाणी आतले दोरे दिसत होते. दुसऱ्या बाजूचा टायरही अर्धा तासलेला. पुढे खंबाटकीचा घाट, गाडीत चार माणसं, वर पाऊस.

''किती दिवस वाजतंय हे?'' बाबांनी विचारलं.

मी खाली बघितलं.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी स्टेपनी काढायला लावली. जुना, शहाणा, १८५ चा टायर! दोरे दिसणाऱ्या टायरच्या जागी ती बसवली. मग शांतपणे म्हणाले, ''दुसरा टायरपण घाटात न्यायच्या लायकीचा नाही. रिकामी गाडी घेऊन हळू परत जा. आम्ही एसटीने जातो.'' आणि भर पावसात, आहेराच्या पिशव्या घेऊन, ती तिघं शिरवळच्या स्टँडवर जाऊन उभी राहिली. आईची भरजरी साडी, आत्याची बॅग. मी चाळीसच्या स्पीडने पुण्याला परत आलो. साखरपुड्याच्या एकाही फोटोत मी नाहीये.

तर मंडळी, रुंदीचा फंडा मी अशी किंमत मोजून शिकलोय. तुम्ही फुकटात शिका.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेतल्या एका टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कागद घेतला आणि मला दहावीचं गणित घातलं. टायरवर जे लिहिलेलं असतं ना, १८५/६५ आर १५, त्यातला पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. तिसरा रिमचा व्यास, इंचात. म्हणजे पूर्ण चाकाची उंची किती? १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, वर एक भिंत, खाली एक भिंत, बेरीज ६२१.५. ही झाली कंपनीने ठरवलेली उंची. मीटर, गिअर, ब्रेक सगळं तिच्यावर बेतलेलं.

आता माझे प्रताप. २१५ चे ४५ टक्के म्हणजे ९७ मिलिमीटर. १६ इंच म्हणजे ४०६. बेरीज जवळपास ६००. चाक २१ मिलिमीटरहून जास्त बुटकं झालं! त्यातला निम्मा भाग, म्हणजे ११ मिलिमीटर, जमिनीपासूनच्या उंचीतून गेला. स्विफ्टला कंपनीने १७० मिलिमीटर दिलेले. ३५ स्प्रिंगांनी खाल्ले, ११ टायरने. उरले १२४, तेही रिकाम्या गाडीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, छान गोलसर हवा. तुमच्या सोसायटीच्या गेटातला तसा आहे? माझ्या तर नाहीये! मग चेंबर घासणार नाही तर काय होणार?

शिवाय मीटर खोटं बोलायला लागतं. मीटरवर १०० दिसले की खरा स्पीड ९६-९७. चाक बुटकं म्हणून फेरे जास्त. मायलेजचा आकडाही फुगून दिसतो. आपण खूश!

पण घासत का होतं? चाक तर बुटकं झालं होतं ना? इथेच खरी गंमत आहे. काका म्हणाले, ''साहेब, लो गाडीत उंचीपेक्षा कड बघायची.'' टायर १८५ वरून २१५ झाला म्हणजे ३० मिलिमीटर वाढला, दोन्ही बाजूंना १५-१५. आणि माझ्या नव्या रिमचा ऑफसेट जुन्यापेक्षा ७ ने कमी होता. ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेघ आणि ती जिथे गाडीला टेकते तो भाग, यांच्यातलं अंतर. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. म्हणजे बाहेरची कड १५ अधिक ७, बावीस मिलिमीटर बाहेर. आतली कड १५ वजा ७, आठ मिलिमीटर आत. गाडी उंच असती तर बाहेर आलेला टायर मडगार्डच्या खालीच राहिला असता. पण मी गाडी खाली घेतली होती. मागे दोन माणसं बसली, डिकी भरली, खड्डा आला, चाक वर गेलं आणि टायरचा खांदा थेट मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्यावर. तो पत्रा म्हणजे सुरीच समजा. एकट्याने चालवताना हे कळतच नाही. माणसं बसल्यावर कळतं.

म्हणून लो गाडीसाठी टायर निवडताना उलटीकडून चालायचं. रुंदी सगळ्यात शेवटी!

पहिली गोष्ट, चाकाची एकूण उंची. ती मूळ उंचीच्या दोन-अडीच टक्क्यांच्या आत ठेवा. लो गाडीत तर शक्य तितकी सारखीच. रिम एक इंचाने मोठी केली की भिंत कमी करून उंची परत जुळवायची. माझ्या गाडीचं बघा. १९५/५५ आर १६ घेतला तर उंची येते ६२०.९. मूळच्या ६२१.५ ला जवळपास डिट्टो! २०५/५० आर १६ घेतला तर ६११, म्हणजे जमिनीपासून आणखी ५ मिलिमीटर कमी. २०५/५५ आर १६ घेतला तर ६३२, म्हणजे चाकच वर मडगार्डाच्या दिशेने ५ मिलिमीटर वाढलं. आणि १५ चीच रिम ठेवायची असेल तर १९५/६० आर १५ ची उंची ६१५. चालून जातो.

दुसरी गोष्ट, रिमची रुंदी. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमची एक रेंज असते, आणि ती टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेली असते. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच. १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७ इंच. २०५/५० आर १६ ला ५.५ ते ७.५ इंच. शक्यतो रेंजच्या मध्यात राहायचं. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की तोच टायर साधारण ५ मिलिमीटरने आणखी पसरतो, हेही ध्यानात असू द्या. बाजारात भाव रिमच्या इंचांचा सांगतात, १६ ची, १७ ची. रुंदी मात्र कुणी आपणहून सांगत नाही. रिमच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते, ६ जे, ७ जे अशी. वाकून वाचा.

इथे आणखी एक फॅशन आहे, तिला लांबूनच नमस्कार करा. रुंद रिमवर मुद्दाम अरुंद टायर ताणून बसवायचा, म्हणजे भिंत आत कलते आणि मडगार्डाला घासत नाही. फोटोत भारी दिसतं. पण ताणलेला टायर खड्ड्यात रिमवरून निसटू शकतो. आणि आपल्याकडे खड्डे काय, मोजून संपतात का?

तिसरी गोष्ट, ऑफसेट. नवा टायर एका पायरीने रुंद घेतला की शक्यतो मूळ ऑफसेटच्या जवळची रिम घ्या. आकडा फार कमी झाला तर बाहेर मडगार्ड, फार वाढला तर आत शॉकअप. दोन्हीकडे घासतं, फक्त आतलं घासलेलं दिसत नाही. चार बोल्टची भोकं आणि मधलं भोक जुळलंच पाहिजे हे तर आलंच.

चौथी गोष्ट, वजनाचा आकडा. साइजच्या पुढे लहान अक्षरांत ८८ टी, ८६ एच असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८६ म्हणजे ५३०. मी रुबाबासाठी मोठा टायर घेतला आणि पेलण्याची ताकद कमी करून आणली, बोला! नवा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. अक्षर म्हणजे स्पीडची मर्यादा. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

हे चारही जुळले की मग रुंदी. आणि तेव्हा लक्षात येतं की निवडायला फारसं काही उरतच नाही. मूळच्या टायरपेक्षा १० मिलिमीटर जास्त, फार फार तर २०. बास! लो गाडीत त्यापुढे जायचं म्हणजे पत्रा कापणं, ठोकून वर दुमडणं हे उद्योग आले.

''पण रुंद टायरला ग्रिप जास्त ना?'' माझा ज्युनिअर लगेच म्हणाला. अर्धं बरोबर. टायर रस्त्याला किती टेकतो ते मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंद टायरचा ठसा आडवा वाढतो, पण पुढे-मागे आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळणात त्याचा फायदा आहे. पण पाण्यात उलटं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि स्पीड जास्त असला की तो पाण्यावर तरंगायला लागतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या आपल्या एक्स्प्रेसवेवर हे लक्षात ठेवलेलं बरं. नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, रुंद टायरला मी त्याच्या बराच आधी निरोप देतो. आणि भिंत बुटकी म्हणजे गादी पातळ. खड्ड्यात आधी रिम वाकते, मग खिसा.

टायर विकत घेण्याआधी एक टेस्ट करा. दुकानदाराला सांगून एका बाजूला पुढे एक, मागे एक असे दोनच टायर बसवून घ्या. टायरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टी ओढा. मग मागे तीन खात्यापित्या घरचे मित्र बसवा, डिकीत बॅगा टाका. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, एखाद्या रॅम्पवर हळूच तिरके चढा. उतरून टॉर्चने पाहा. खडू पुसला गेला असेल तर तो टायर तुमचा नाही. कितीही आवडला असला तरी! टायर पक्के झाले की अलाइनमेंट लगेच करा, कारण गाडी खाली घेतली की चाकांचे कोन बदलतात आणि टायर आतल्या कडेने गुपचूप झिजतात. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्यांनी, प्लीज, हा कॉलम इथेच थांबवून आधी नवीन स्प्रिंगा घ्या.

आता कायद्याचं, कारण ते न सांगणं म्हणजे शिरवळच्या आधीचा मी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी काय बघेल, सांगायला नको. तेव्हा काही करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

माझं म्हणाल तर शिरवळनंतर आठवडाभरात २१५ गेले, साडेसहा इंची रिमवर १९५/५५ आर १६ आले. गाडी लो होतीच, पण खर्र बंद. २०१९ मध्ये स्प्रिंगापण मूळच्या बसवल्या. टायर तेच ठेवले, विमा कंपनीला कळवून. पक्या म्हणाला, ''म्हातारा झालास.'' असेन!

नवे टायर टाकले त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, ''चला, एक चक्कर मारू.'' ते काही न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसले, खिडकीशी. सिंहगड रोडला गाडी दोन-तीन खड्ड्यांतून गेली. मी गाणी लावली नव्हती. आरशात बघितलं तर कान खिडकीलाच! खडकवासल्याला पोचल्यावर म्हणाले, ''साताऱ्याला कधी जायचं?''

ज्युनिअरचा चहा एव्हाना गार झाला होता. म्हणाला, ''मग सर, मी कितीचा टाकू?'' मी म्हटलं, ''आधी सांग, तुझ्या मागच्या सीटवर कोण बसणार आहे?''